अकरा सेकंदांचा कबुलीजबाब

हौशीराम मामांची चोवीस वर्षांची नोकरी अकरा सेकंदांच्या एका व्हिडिओवर टांगली होती, आणि तो व्हिडिओ खोटा नव्हता.

कुणीतरी फोनवर काढलेल्या त्या व्हिडिओत दिसतं ते असं. दवाखान्याचा कॉरिडॉर. बाकड्यावर राहू गावचे हरिबा बसलेले, वय सत्तरच्या पुढं. त्यांचा मुलगा भारत आत ऑपरेशनला. शिरूरकडच्या एका कंपनीत प्रेस मशीनखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. ते मशीन लावून देणारे सेटर म्हणजे हौशीराम मामा, केंदूर गावचे. ते घाईघाईनं येतात, वाकून हरिबांच्या पायाला हात लावतात आणि म्हणतात, "आबा, माझं चुकलं. पोटात घाला." व्हिडिओ संपला.

मशीनमध्ये हात गेला की ते थांबवणारा एक सेन्सर असतो. तो कुणीतरी बंद करून ठेवला होता. कंपनी म्हणत होती, मामांनी केला, आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं कबूलही केलंय. मामा म्हणत होते, "मी शिफ्टला आलो तवा त्यो बंदच हुता. मॅनेजर साहेबांना सांगितलं, तर म्हणले, माल जाऊ द्या, मग बघू." आता मॅनेजर बोलले तोंडी. मामा बोलले कॅमेऱ्यासमोर. चौकशीत एकाचं बोलणं हवेत विरलं आणि दुसऱ्याचं पेन ड्राइव्हमध्ये जाऊन बसलं.

यात मी कोण, तर टायपिस्ट. नाव हर्षदा, गाव राहू. दौंडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. नावात तत्त्व आहे म्हणून कुणी फसू नये. उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. कचेरीत, राजकारणात आणि विद्यापीठात भाषा कशी काम करते, हा विषय. चौकश्यांची भाषा आतून ऐकायला मिळावी म्हणून चौकशी अधिकारी बापूसाहेब वकील यांच्याकडं टायपिंगचं काम धरलं. ते सांगणार, मी टाइप करणार.

माझ्या गाइड रश्मी मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "नोंद करायची, मध्ये पडायचं नाही. मध्ये पडलीस की तो डेटा राहत नाही." मी वहीत ठळक लिहून ठेवलं होतं. सहा महिने पाळलंही.

सहा महिन्यांत मला एक गोष्ट मात्र कळून चुकली होती. ग्रामसभेत न झालेली चर्चा 'सर्वानुमते' मंजूर होते. कंपनीच्या मेमोत काहीतरी 'निदर्शनास येतं', कुणाच्या ते कळत नाही. विद्यापीठाच्या परिपत्रकात आम्हाला 'कळविण्यात येतं' की पगार पुढच्या महिन्यात. तिन्हीकडं मोठ्या माणसाचा निर्णय बिनमाणसाचा येतो, आणि लहान माणसाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मात्र त्याच्या नावानिशी फाइलला लागतो. हे मी प्रकरण तीनमध्ये अगदी थंड डोक्यानं लिहिलं होतं. प्रेस शॉपच्या वरच्या ट्रेनिंग हॉलमध्ये बसल्यावर डोकं थंड राहत नव्हतं.

कारण मला तो व्हिडिओ नीट वाचता येत होता. आमच्या भागात कुणाच्या घरावर असा प्रसंग आला की भेटायला जाणारा वडीलधारा माणूस आधी स्वतःकडं कमीपणा घेतो. चूक त्याची असो वा नसो. आमचं चुकलं, आमचं लक्ष कमी पडलं, असं म्हटल्याशिवाय तो त्या घरचं पाणी पीत नाही. आणि समोरचाही ते तसंच ठेवत नाही. तोही उलट कमीपणा घेतो. मग दोघं शेजारी बसतात. मी लहानपणापासून हे पाहत आलेय. हरिबा काहीतरी उलट बोलले असणार, याची मला खात्री होती. पण व्हिडिओ बरोबर त्याआधी संपत होता, आणि मी दवाखान्यात नव्हते.

मामांच्या चौकशीची ही तिसरी तारीख. आज हरिबांची साक्ष, कंपनीच्या बाजूनं. त्यांना कंपनीच्या गाडीतून आणलं होतं. जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "आबा, भारतचं कसं हाय?"

"बरं हाय म्हणायचं. हात भरला की त्याला स्टोअरला बसवणार हायेत, हलक्या कामावर." त्यांनी आवाज खाली घेतला. "मॅनेजर साहेब गाडीत म्हणले, तुमी आज फक्त सही करा."

म्हाताऱ्याच्या एका सहीवर इकडं मामांची नोकरी आणि तिकडं त्याच्या पोराची खुर्ची. हलकटपणा करायचा तर तो इतका व्यवस्थित करावा! वर जाऊन मी कॉम्प्युटर चालू केला.

हॉलमध्ये आम्ही पाचच जण. बापूसाहेब, मी, मामा, हरिबा आणि मॅनेजर. कंपनीची बाजू मॅनेजर स्वतः मांडत होते. मामांना सोबत एखादा सहकारी घ्यायची मुभा होती. त्यांनी घेतला नव्हता. "उगं कुणाला कशाला आडकवायचं?" म्हणाले होते.

बापूसाहेब माणूस वाईट नाही. पण तीस वर्षं चौकश्या करून त्यांचा कान साहेबी झालाय. साक्षीदार काहीही बोलो, त्यांना ते थेट फाइलच्या भाषेत ऐकू येतं.

"हौशीराम दवाखान्यात तुम्हाला भेटले?"

"व्हय."

"पाया पडले?"

"व्हय, पडले."

"चुकलं म्हणाले?"

"व्हय, म्हणले की."

बापूसाहेब माझ्याकडं वळले. "लिहा. सदर कर्मचाऱ्याने माझ्या समक्ष, सेन्सर बंद करण्याची कृती स्वतः केल्याचे व सदर कृतीमुळेच अपघात घडल्याचे मान्य करून माझी माफी मागितली."

मी टाइप केलं. तीन 'व्हय' आत गेले आणि बाहेर एक गुन्हेगार आला. मॅनेजरनी खुर्चीत पाठ टेकली.

"हौशीराम, तुम्हाला साक्षीदाराला काही प्रश्न विचारायचेत? तुमचा अधिकार आहे."

मी मामांकडं पाहिलं. एकच प्रश्न पुरे होता. आबा, मी पाया पडलो तवा तुमी काय म्हणला? एवढंच विचारा मामा, मनातल्या मनात मी ओरडत होते, एवढंच.

मामा उठले. टोपी काढून हातात घेतली. "न्हाई साहेब. पोराची बोटं गेलीत त्यांच्या. त्यांची उलटतपासणी मी करू व्हय?"

"लिहा," बापूसाहेब म्हणाले. "उलटतपास नाही."

मला त्या क्षणी मामांचा भयंकर राग आला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना कुणी इतकं अदबीनं वागतं का? मग स्वतःचाही आला. मी काय करत होते? नोंद. एका माणसाच्या गळ्याला फास लागताना मी बोटांनी त्याची गाठ मारत होते, आणि वर त्याला डेटा म्हणत होते.

प्रिंट काढला. आता एकच पायरी उरली होती. जबाब साक्षीदाराला वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. हे काम माझं. एरवी मी तो एका दमात वाचते, कारण ऐकणाऱ्याला आणि ऐकवणाऱ्याला, दोघांनाही जेवायला जायचं असतं.

मी वाचत गेले. सदर, उपरोक्त, समक्ष, मान्य करून. हरिबा सत्यनारायणाच्या पोथीला डोलवावी तशी मान डोलवत होते. शेवटी छापील ओळ होती, प्रत्येक जबाबाखाली असते तीच. 'वरील जबाब साक्षीदारास समजेल अशा भाषेत वाचून दाखविला.' आणि त्याखाली वाचून दाखवणाऱ्याची सही. म्हणजे माझी. आजवर शंभरेक तरी केल्या असतील, डोळे झाकून.

बापूसाहेबांनी पेन हरिबांपुढं सरकवलं. हरिबांनी टोपण काढलं.

"आबा, थांबा," मी म्हणाले. "समजलं का काय लिवलंय?"

"समजलं की. लई चांगलं लिवलंय."

"काय लिवलंय, सांगा बरं."

हरिबा कसनुसे हसले. बापूसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "मॅडम, तुमचं काम झालंय."

"नाही झालं साहेब. समजेल अशा भाषेत वाचून दाखवलं, अशी मला खाली सही करायचीय. साक्षीदाराला समजलेलं नाही. मी खोटी सही करणार नाही."

"हे कोणी शिकवलं यांना?" मॅनेजर म्हणाले.

"तुमच्याच फॉर्मवर छापलंय," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. पण आता तोंडातून निघालं होतं.

बापूसाहेबांनी फॉर्म जवळ ओढून ती ओळ वाचली. तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. मग घड्याळाकडं बघत म्हणाले, "वाचा. पण पदरचं काही घालू नका."

मी हरिबांकडं खुर्ची वळवली आणि राहूच्या बोलीत सांगितलं, "आबा, हितं आसं लिवलंय. हौशीराम मामा तुमाला म्हणले की, सेन्सर मीच बंद केला. माझ्याच हातानं केला. आन् म्हणून तुमच्या भारतची बोटं गेली. हे त्यांनी तुमच्याम्होरं कबूल केलं, आसं तुमी सांगताय."

हरिबांची मान डोलायची थांबली.

"आसं कवा म्हणलो मी?"

"मग ते काय म्हणाले?" बापूसाहेब.

"चुकलं म्हणले."

"तेच तर लिहिलंय!"

"आबा," मॅनेजर मध्येच पुढं वाकले, अगदी मऊ आवाजात. "भारतच्या कामाचं आपलं बोलणं झालंय ना? मग कशाला वाढवायचं?"

खालून प्रेस मशीनचे ठोके ऐकू येत होते, एकामागून एक. हरिबा हातातल्या पेनाकडं पाहत राहिले. मी जे केलं त्याची मला भीती वाटायला लागली. मामांना वाचवायला निघाले आणि ओझं मात्र या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यांनी सही केली असती तर मी कुठल्या तोंडानं त्यांना दोष दिला असता? मामांनी तर मान वरच केली नव्हती.

हरिबांनी टोपण पेनाला लावलं.

"साहेब, चुकलं तर मीबी म्हणलो," ते हळू म्हणाले. "त्यो पाया पडला, मी त्याला उठिवला. म्हणलं, न्हाई पाव्हणं, चुकलं आमचं. पोरगं तुमच्या हाताखाली दिलं आन् तुमाला ह्यो ताप झाला. मग माझंबी नाव घाला की चार्जशीटात."

"हे व्हिडिओत नाही," बापूसाहेब म्हणाले.

"फोन खाली घेतला आसंल मग. माझी मालकीण म्हणली, चुकलं, डबा द्यायला उशीर झाला, पोरगं घाईत गेलं. त्याच्या जोडीला बिहारचा भाई आसतो मशीनवर, त्यो रडत हुता. गलती हो गई चाचा, पानी पीने चला गया था, म्हणला. ज्या ड्रायवरनं दवाखान्यात आणला त्यो म्हणला, चुकलं आबा, पाटसच्या फाट्याला ट्राफिकमदी आडाकलो. त्यांनी काय सेन्सर बंद केला व्हय? समदे म्हणले. माणूस आसा पडल्यावर म्हणत्यात, साहेब."

बापूसाहेबांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच ते हरिबांचं बोलणं ऐकत होते, त्यातून वाक्य तयार करत नव्हते.

"समदे म्हणजे सगळे?"

"एक सोडून." हरिबांनी मॅनेजरकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "हे साहेब संध्याकाळी आले. बसले न्हाईत. उभ्या उभ्या म्हणले, आबा, सेन्सर बंद ठेवायला कंपनीनं सांगितलेलं न्हाई." ते थांबले. "तवर आमाला ठावंच नव्हतं, सेन्सर म्हणून काय आसतं त्ये. आमी कुणी इचारलंच नव्हतं, साहेब."

मॅनेजर काहीतरी म्हणायला गेले. बापूसाहेबांनी हात वर केला.

नवा कागद घेतला. बापूसाहेब काहीच सांगेनात, म्हणून मी हरिबांचं बोलणं जसंच्या तसं टाइप केलं, चाचा आणि पाव्हणं सकट. वाचून दाखवलं. एकाही शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. हरिबांनी सावकाश सही केली. हौशीराम मामा टोपी तोंडावर धरून लहान मुलासारखे रडत होते. मी खाली माझी सही केली, आणि कागद फिरवून बापूसाहेबांपुढं त्यांच्या सहीसाठी ठेवला.