पंढरीनाथांचा आलेख

पंढरीनाथांची बायपास झाली आणि अख्ख्या पूर्णा गावाला लाठी शिकवलेल्या माणसाला लाठी शिकवायला एक पोरगी आली. म्हणे फिजिओथेरपिस्ट! मृणाली तिचं नाव. भिवंडीतल्या तिच्या केंद्रात ती लाठी इतकी हळू फिरवायला लावी, की बघणाऱ्याला वाटावं म्हातारा पिठलं ढवळतोय.

"ही लाठी हाय का कालथा?" पंढरीनाथ विचारायचे.

"सावकाश, काका. किती वेग झेपेल ते मॉडेल सांगेल."

मॉडेल म्हणजे संगणकातलं गणित. मनगटावरचा पट्टा दिवसभर ठोके मोजणार, ते चढायला-उतरायला किती वेळ लागतो ते बघणार, आणि त्यावरून ही बया ठरवणार, की जत्रेत पालखीपुढे पहिली लाठी पंढरीनाथांनी फिरवायची की नाही. चाळीस वर्षांचा मान, आणि परवानगी द्यायची आकड्यांनी! डोंबल तिचं.

मग त्यांनी अक्कल चालवली. केंद्रात पट्टा स्वतःच्या हातात आणि घरी आलं की आपल्याच गोदामातल्या हिरामणच्या. हिरामण हमाल, दिवसभर कापडाच्या गाठी उचलणारा, छाती बैलाची. शेठ म्हणाले बांध, त्याने बांधला. पंढरीनाथ झोपाळ्यावर खुशाल पान चघळत बसले. हात कोणाचा ते गणिताला काय कळतंय!

पंधरा दिवसांनी मृणालीने बोलावलं. हे ऐटीत गेले.

"काका, इथे तुमचं छान चाललंय. पण घरी काम थांबवल्यावर अर्धा-अर्धा तास ठोके खाली येत नाहीत, मध्येच चुकतात. आजच ॲडमिट व्हा. लाठी विसरा."

पंढरीनाथ पोटभर हसले. "खड्ड्यात गेलं तुझं गणित. ते ठोके माझे न्हायतच."

बोलून गेले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हसू जागच्या जागी विरलं.

"मग कोणाचे आहेत?" मृणालीने विचारलं.

सांगावं तर लबाडी उघडी पडते, मान जातो, गावात छी थू होते. आणि न सांगावं, तर हिरामण या घटकेला त्यांचाच ट्रक भरत होता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"हिरामणचे. माझा हमाल."

तिने सांगितलं तसा त्यांनी गोदामात फोन लावला, काम थांबवून हिरामणला खाली बसवायला लावलं. तोवर तिने कोरा कागद पुढे ओढला होता.

"वय किती त्यांचं? छातीत दुखतं का कधी? घरी कोण आहे?"

वीस वर्षं तो माणूस त्यांच्याकडे होता. पंढरीनाथांना यातलं एकही उत्तर येत नव्हतं.