नाडीला भूक लागते तेव्हा

मित्रांनो, जरा डोळे मिटा बघू. कल्पना करा, तुमचं सगळं अंग काचेचं आहे. पोटात गळ्यापर्यंत पाणी भरलं आहे आणि त्या पाण्यात कुणीतरी शेपटीनं सारख्या गुदगुल्या करतं आहे. हसू तर येतंय, पण हसायची सोय नाही. हसलात तर पाणी सांडेल! जमलं? मग आता तुम्हाला माझी गोष्ट नीट कळेल. मी एक जुनी माशांची टाकी आहे.

मला एका काचवाल्यानं घडवलं. खिडक्यांच्या काचा कापून उरलेले तुकडे त्याच्या दुकानात भिंतीला टेकून उभे असत. त्यातले चांगले निवडून त्यानं त्यांच्या कडा घासल्या, ते एकमेकांना चिकटवले आणि पाणी भरून मला कोरड्या कागदावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं कागदावरून हात फिरवला. "थेंबाला पक्की आहे पोरगी," तो म्हणाला. ते माझं पहिलं कौतुक.

पुढे मी एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. गाल सुजलेली मुलं बाहेरच्या खोलीत बसून माझ्यातले सोनेरी मासे बघत आणि दाढ विसरत. मला फार धन्य वाटे. फक्त एक त्रास होता. मुलं काचेवर टिचक्या मारत. बाहेर टिचकी वाजली की आत ढोल बडवल्यासारखं होतं, मित्रांनो! मासे बिचारे कोपऱ्यात जाऊन थरथरत.

मग त्या खोलीत टीव्ही आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. जिच्या पोटात सोनेरी मासे नाचले, तिच्या पोटात मोडक्या छत्र्या आणि जोडीदार हरवलेल्या चपला भरल्या गेल्या. तिथे किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही. धूळ बसली की दिवस दिसत नाहीत.

एकदा डॉक्टरांकडे नळ दुरुस्त करायला एक माणूस आला. अवजारांची पिशवी ठेवायला तो जिन्याखाली वाकला आणि मला बघून थबकला.

"डॉक्टर, ही टाकी कुणाची?"

"कुणाचीच नाही. न्या की! माझी तेवढीच अडगळ कमी."

अशी मी त्याच्या भाचीकडे आले. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. जेवताना तिचे पाय हलत, अभ्यास करताना खुर्ची हले, झोपेत पांघरूण फिरे. मामानं मला उंबऱ्याच्या आत ठेवलं तेव्हा तिची आई म्हणाली, "अरे, हिला घडीभर एका जागी बसवत नाही आणि तू हिला मासे सांभाळायला देतोस? चार दिवसांचं खूळ आहे."

"मग पाचव्या दिवशी बघू," मामा म्हणाला आणि माझ्या काचांच्या सांध्यांतला जुना सिलिकॉनचा चिकटा खरवडायला बसला.

मी पुन्हा भरले. पुन्हा बुडबुडे, पुन्हा हिरवी पानं, लहान लहान पट्टेवाले मासे. आणि त्यांच्यासोबत दुकानातून भिंगरीनं निवडून आणलेला एक अजब जीव! सापासारख्या दिसणाऱ्या वाम माशासारखा लांब आणि बारीक, शेपटीकडे डोळ्यांसारखे गोल ठिपके, आणि पुढे हलणारं टोकदार नाक.

"हा मासा आहे की लेंग्याची नाडी?" तिचा दादा हसून लोळला.

झालं! त्या दिवसापासून त्या लांबुळक्या वामीचं नाव नाडी पडलं.

आधी माझ्या तळाशी जाड खडे होते. नाडी त्यात शिरायला बघे आणि तिचं नाक खरचटे. भिंगरीच्या ते लक्षात आलं. मामाला सांगून तिनं खडे काढले आणि बारीक, धुतलेली वाळू घातली. नाडीनं सूर मारला आणि ती दिसेनाशी झाली. फक्त नाकाचं टोक बाहेर राहिलं. तिला माझ्या तळाशी घर मिळालं होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण तो आनंद टिकला नाही. नाडी वाळत चालली. पाठ धारदार झाली, पोट आत गेलं. आणि मला, जिच्या पोटात ती राहत होती तिला, कारण ठाऊक असून बोलता येत नव्हतं.

कारण असं होतं. त्या घरातली माणसं फार मायाळू. माझ्यावरून जो कुणी जाई तो डबा उघडून दाणे टाके. आजी चहा घेऊन जाताना टाके, बाबा कामावर निघताना, दादा उगीचच. दाणे पडले की पट्टेवाले मासे झेपावत आणि एकही दाणा खाली येऊ देत नसत. त्यांना दोंदं सुटली होती. नाडीला मुळी दाणे नकोच होते. तिला हव्या होत्या अळ्या, त्याही अंधारात आणि शांततेत. भिंगरीनं आणलेल्या अळ्यासुद्धा वरच्या वर फस्त होत.

शेवटी आई म्हणाली, "हे बघ बाळा, डोळ्यांसमोर एक जीव उपाशी मरतोय, हे मला बघवत नाही. मी दुकानदार काकांना सांगितलंय. रविवारी ते येऊन तिला घेऊन जातील."

भिंगरी माझ्यासमोर जमिनीवर पालथी पडून वाळूतल्या त्या नाकाकडे बघत राहिली.

आणि नेमकी त्या संध्याकाळी वीज गेली. खोलीत अंधार झाला. पट्टेवाले मासे पानांत जाऊन गप्प झाले. तेवढ्यात ते नाक वर आलं! इकडे वळलं, तिकडे वळलं, पाणी हुंगू लागलं. भिंगरी श्वास रोखून बघत होती. मग दिवे आले, दादा "आली रे!" म्हणून ओरडला आणि नाक गडप.

"कळलं!" भिंगरी ताडकन उठली. "तिला भूक आहे! आपलीच गडबड तिला नकोय!"

आधी तिनं दाण्यांचा डबा आपल्या दप्तरात कोंबला.

"अगं, मी दोनच दाणे टाकते," आजी म्हणाली.

"मीपण दोनच," बाबा म्हणाले.

"मी तर मोजून दोन," दादा म्हणाला.

"तुमच्या सगळ्यांच्या दोन-दोनमुळे पट्टेवाले बघा कसे पिंपासारखे झालेत!" भिंगरीनं सुनावलं. "आता दाणे फक्त मी टाकणार."

मामाकडून तिनं पारदर्शक नळीचा एक लांब तुकडा मागून आणला. दुसऱ्या संध्याकाळी माझ्यावर गडद चादर घातली, एक कडा उचलून आत डोकं खुपसलं आणि नळीतून एक अळी थेट वाळूपर्यंत सोडली. नाक हललं. पण तिच्या पायाचा ठेका सुरू झाला, जमीन हादरली, मी हादरले आणि नाडी आत गेली.

"पाय, गप्प बसा ना!" ती स्वतःच्याच पायांवर रागावली. रडवेली झाली.

शनिवारी तिनं पुन्हा चादर घातली, पुढची कडा वर खोचली आणि नळीतून अळ्या सोडल्या. मांडी घातली आणि आजीला म्हणाली, "तू माझ्या गुडघ्यांवर हात ठेव." आजीनं ठेवले. मित्रांनो, जी पोर झोपेतही फिरे ती माझ्यासमोर दगडासारखी बसली. आधी आजीच्या हातांनी, मग आजीनं हात काढून घेतले तरीही. तिचा श्वास माझ्या काचेवर धुकं धरत होता.

वाळू हलली. नाक आलं, मान आली, आणि मग वाळूतून सगळीच्या सगळी नाडी बाहेर आली, ठिपक्यांसकट! नळीच्या तोंडाशी गेली, क्षणभर थांबली आणि गट्ट! एक अळी. मग दुसरी. मग तिनं नळीतच तोंड घातलं.

"खाल्लं! खाल्लं!" दारामागे लपून बघणाऱ्या दादानं नाचायला सुरुवात केली. बाबांनी टाळी वाजवायला हात उचलले.

"श्श!" भिंगरी म्हणाली. भिंगरी! आणि सगळं घर जागच्या जागी गोठलं. आईनं तोंडावर पदर धरला होता, पण डोळे हसत होते. काचवाल्यानं मला पक्की म्हटलं होतं ना, त्या संध्याकाळी मी तशीच ताठ उभी होते. माझ्या पोटातलं कुणीही उपाशी नव्हतं.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरात कुठलाही जीव आणा, त्याला तुमच्या नाही, त्याच्या वेळेला आणि त्याच्या रीतीनं जेवू द्या. पुढे पुढे करणाऱ्यांची पोटं भरतातच. जो कोपऱ्यात गप्प आहे, त्याच्याकडे आधी बघा.

रविवारी दुकानदार काका पाण्याची पिशवी घेऊन आले. आईनं काही बोलायच्या आत म्हणाले, "द्या ती वाम. ही जातच अशी. माझ्या दुकानातल्याही काही खात नाहीत, बघा."

भिंगरीनं त्यांच्या हातातली पिशवी काढून बाजूला ठेवली. माझ्यावर चादर घातली. मामाकडून आणलेला नळीचा तुकडा काकांच्या हातात दिला आणि जमिनीवर आपल्याशेजारची जागा दाखवत म्हणाली,

"बसा काका, शिकवते. फक्त पाय हलवायचे नाहीत."