उन्हात घातलेलं बी

बी वाळवल्याशिवाय ठेवू नये, हे गोजरबाईला कुणी शिकवलं नव्हतं. करकंबासारख्या कोरडवाहू गावात जन्मलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. ज्वारी असो, हुलगा असो, नाहीतर भोपळ्याचं बी असो. चांगली उन्हं दाखवायची, राख चोळायची आणि मगच डब्यात भरायचं. म्हणून लेकीच्या पिशवीतला डबा उघडल्यावर तिने कपाळाला हात लावला. आत ओलं शेवाळ, त्यात सुपारीएवढ्या बिया, आणि काहींवर बुरशी धरायला लागलेली. "शिकून शिकून पोरगी येडी झाली," असं पुटपुटत तिने सगळं बी धुतलं आणि गच्चीवर पत्रा टाकून त्यावर पसरलं.

तेव्हा ऋतुजा तापाने फणफणून आत झोपली होती. पार घाटमाथ्यावरून एसटीने आली ती अंगात ताप घेऊनच. तिथल्या दाट जंगलात एक संशोधन केंद्र आहे. कॉलेजची पोरं जंगल शिकायला येतात आणि ऋतुजा त्यांना जळवांतून, चिखलातून हिंडवते. गोजरबाई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची ऋतुजा रानात असती." करकंबात रान म्हणजे शेत, त्यामुळे शेजारणी विचारायच्या, "काय पेरलंय तितं?" आता यावर काय सांगायचं, हे गोजरबाईलाही ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी ताप उतरला. दुपारी ऋतुजा उठली, कपभर चहा प्याली आणि पिशवीत हात घातला.

"आई, डबा कुठंय?"

"घासून ठिवलाय की. बी वर वाळत घातलंय. लई ओल धरली व्हती बघ..."

पुढचं ऐकायला ऋतुजा थांबलीच नाही. ती अनवाणी जिना चढली. ज्येष्ठ लागला होता, तरी ऊन अजून वैशाखाचंच होतं. पत्र्याला हात लावताच चटका बसला. तिने ओढणी पसरली आणि मुठी भरभरून बी गोळा करायला लागली. मागून धापा टाकत गोजरबाई आली आणि लेकीचा चेहरा बघून जिन्यातच थबकली.

"काय झालं गं?"

"हे बी वाळलं की मरतं, आई," ऋतुजा अगदी हळू म्हणाली. "त्या जंगलात कायम ओल असते. याला वाळायचं माहीतच नाही."

स्वयंपाकघरात ओल्या फडक्यावर बी मांडता मांडता तिने बाकीचं सांगितलं. केंद्राजवळ त्या जातीचं एकच जुनं झाड होतं. दुसरं कुठे सापडलेलं नाही. मागच्या आठवड्यात वादळात ते पडलं, आणि त्याच्या खाली हे एवढंच बी सापडलं. आज रात्रीच्या गाडीने ते हैदराबादच्या प्रयोगशाळेत पोचवायचं होतं.

गोजरबाई खाली मान घालून ऐकत होती. पोरीने आता तरी तोंड सोडावं, असं तिला वाटत होतं. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी ऋतुजा घर डोक्यावर घ्यायची. आज ती शांत होती, आणि ही शांतता गोजरबाईला सोसवेना.

तेवढ्यात केंद्रातल्या अनीश सरांचा फोन आला.

"सर, माझ्याकडून चूक झाली," ऋतुजा म्हणाली. "बी उन्हात राहिलं."

गोजरबाईने फोन हिसकावलाच. "सायेब, खोटं बोलती ती. म्या वाळत घातलं. तिला कामावरनं काढू नगा."

सर म्हणाले, "काकू, किती दिवस?"

"दोन उन्हं बसली."

"ऋतुजाला म्हणावं, एखादं कापून बघ. आत पांढरं असलं तर जिवंत. काय ते मला कळव."

ऋतुजाने सुरी घेतली. पहिलं बी कापलं. आत तपकिरी निघालं. दुसरंही तपकिरी, कडेला भुगा झालेलं. तिने तिसऱ्यावर सुरी ठेवली.

"ऱ्हाऊ दे," गोजरबाई म्हणाली. "ह्ये जितं असलं तर? उगं मारशील."

"मग काय घेऊन जाऊ हैदराबादला? सगळंच मेलेलं?"

गोजरबाईने फडक्यावरचं एक बी उचललं, चाचपलं, लेकीपुढे धरलं. "पाण्याच्या टाकीकडचं हाय ह्ये, अजून जड लागतंय. तितं दुपारनंतर सावली पडती. ह्ये बघ."

ऋतुजाने डोळे मिटले आणि सुरी दाबली.

आत दुधासारखं पांढरं होतं. सुरीला ओल लागली होती.

ऋतुजाने सुरी आपटली आणि तिचा बांध फुटला. "एकदा विचारायचं नाही मला? कुणाच्या पिशवीत हात घालायचा, काही आहे की नाही? कायम तुझंच खरं! आता जिवंत होतं तेच कापलं ना मी!" आवाज पार गल्लीत गेला. सुरी आपटून, डबा आपटून ती ओरडत होती, आणि तसंच ओरडता ओरडता हाताला जड लागणारं टाकीकडचं बी शोधून एकेक ओल्या फडक्यात गुंडाळत होती.

गोजरबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जिवाला लई बरं वाटत होतं.

शेजारची मालती दारात धावत आली. "अगं बया, काय झालं? कोण गेलं का काय?"

"कोन न्हाय गेलं," गोजरबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "वरडू दे तिला. थोडं बी जितं हाय."