मनगट धरलं की मुलगी लिहिते

आश्रमाच्या सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मंचावर अक्षरांचा मोठा तक्ता, त्यापुढे माझ्या वर्गातली छकुली, आणि तिचं मनगट धरून बसलेले महाराज. जन्मापासून एक शब्द न बोललेली ही आठ वर्षांची पोर. महाराजांनी डोळे मिटले (अर्धेच हं, पूर्ण नाही) आणि तिचं बोट तक्त्यावर सरसर फिरायला लागलं. शेजारचा शिष्य अक्षरं जुळवून मोठ्यांदा म्हणाला, "आई, मला इथेच ठेव!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोक डोळे पुसत होते.

"अक्षरं आत्म्यात आधीच असतात!" महाराज गरजले. "शाळावाले ती डोक्यात कोंबत बसतात. आम्ही फक्त कुलूप काढतो!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या कुलपाशी मी दोन वर्षं झगडतेय. खरखरीत कागदाचा 'न' कापायचा, तिचं बोट त्यावरून फिरवायचं, आवाज काढायचा, पुन्हा फिरवायचं. आत्ता कुठे 'न' समोर ठेवला की ती नळाच्या चित्रावर हात ठेवते. एवढंच येतं तिला, आणि तेवढ्यासाठी मी घरी पेढे वाटायची बाकी होते.

म्हणून मी बोटाकडे बघतच नव्हते. मी तिचे डोळे बघत होते. वाचणारं मूल अक्षराकडे बघतं हो! छकुली वरच्या पंख्याकडे बघत होती.

मी तिथेच उठून म्हणाले, "महाराज, एक साधी परीक्षा घेऊ का?"

"शंका आली की शक्ती जाते, बाई!" लोकांनी मला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी छकुलीला कायमचं महाराजांच्या आश्रमात ठेवणार होते. तिनंच लिहिलं होतं ना तसं! मी त्याच संध्याकाळी छकुलीच्या घरी गेले. दारातच तिची आई म्हणाली, "बाई, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला असता, तिनं लिहिलं असतं तर."

"अहो, मी हात धरला तरी लिहिते ती! महाराजांनी मला शिकवलंय. पहिल्याच दिवशी काय लिहिलं, माहितीये? 'आई, रडू नकोस.' आठ वर्षं वाट बघितली मी, बाई. घ्या काय परीक्षा घ्यायची ती. तुमचंच तोंड बंद होईल."

तसं झालं असतं तर मला हवंच होतं.

मायलेकींच्या मध्ये मी एक पुठ्ठा उभा केला. दोघींना एकेक चित्र दाखवलं आणि काढून घेतलं. छकुलीला नळ, तिला खरोखर येणारी एकमेव गोष्ट. आईला घर. चित्रं वेगळी आहेत हे मी आईला सांगितलं नव्हतं. मग पुठ्ठा काढला, तक्ता ठेवला. "चित्रात काय होतं ते तिला लिहू दे."

आईनं मनगट धरलं. बोट 'न'वरून पुढे गेलं आणि थांबलं 'घ'वर. मग 'र'वर.

"बघा!" आई हसली. "घर!"

मी छकुलीला दाखवलेलं नळाचं चित्र आईपुढे ठेवलं. ती बघतच राहिली. मग तिनं पुन्हा करायला सांगितलं, दुसरी चित्रं घेऊन, आणि पुन्हा. दर वेळी आईनं पाहिलेलंच उमटलं.

"मी मुद्दाम नाही केलं, बाई. शपथ."

"माहितीये मला. आपल्या मनात शब्द असला की हात आपसूक तिकडे ढकलतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. महाराजांचा हात तेच करतो, मग जाणून असो की नकळत."

तिनं छकुलीचं मनगट सोडून दिलं. मग म्हणाली, "म्हणजे 'आई, रडू नकोस' मीच मला म्हटलं?"

मी चित्रं गोळा करायला लागले, आणि तिला कळलं.

छकुली आश्रमात गेली नाही. लोक अजूनही महाराजांकडे जातात, आणि मला घरं फोडणारी म्हणतात. म्हणोत. मी सांगायचं सोडणार नाही: तुमच्या मुलाच्या वतीनं कुणी बोलायला लागलं, तर मुलाला माहीत असलेलं आणि त्या माणसाला माहीत नसलेलं काहीतरी विचारा. अपमान नाही होत त्यात कुणाचा. मूल गप्प असेल तर ते गप्प आहे हे आधी कबूल करा. शिकवायला सुरुवात तिथूनच होते.

छकुलीची आई आता रोज वर्गात येऊन बसते, पण लेकीपासून हातभर लांब. परवा रस्ता ओलांडतानाही तिनं पोरीचा हात धरला नाही, फ्रॉकची बाही धरली. मी म्हटलं, "अहो, हात धरा की तिचा."

"नको बाई," ती म्हणाली, "पुन्हा मीच बोलायला लागेन."