कागदावरची चाल

राहनाळच्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची ती आनंदीबाईनंच. रेडिओवर गाणं कानावरून गेलं की दुसऱ्या दिवशी ते तिच्या बोटांतून निघायचं. शाळा चौथीपर्यंत, गाण्याची शिकवणी कधीच नाही. तरी भजनाला ती येऊन बसेपर्यंत पेटीचं झाकण कुणी उघडत नसे.

१९७४ साली तिच्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि मानकोलीची तुळजा तिची जाऊ म्हणून घरात आली. त्याच महिन्यात मंडळाच्या धोंडूबाईनं भिवंडीहून एका नव्या अभंगाचा छापील कागद आणला. शब्दांच्या वर सा, रे, ग अशी अक्षरं, काहींच्या डोक्यावर ठिपके, मध्येच आडव्या रेघा.

"याची चाल कुनाला ठाव हाय?" धोंडूबाईनं विचारलं.

"रेडिओवर लागंल तवा बघू," आनंदीबाई म्हणाली.

तुळजा मागून हळूच बोलली, "जाऊबाय, मी वाजवून बघू? चाल लिवलीय त्याच्यात. आमच्या गुरुजींनी शिकवलंय वाचायला."

आनंदीबाई बाजूला सरकली. नवी नवरी, दोन सूर दाबेल आणि लाजून उठेल, असंच तिला वाटलं. तुळजानं कागद पेटीला टेकवला आणि कधी न ऐकलेली चाल सरळ शेवटपर्यंत वाजवली. दुसऱ्या खेपेला बायका गाऊ लागल्या.

"बरं झालं गो, आता रेडिओची वाट बघाया नको," धोंडूबाई म्हणाली.

आनंदीबाईला ते झोंबलं. संध्याकाळी भाकऱ्या थापताना तुळजा म्हणाली, "तुमाला शिकवू का? सोपं हाय."

"माजा कान शाबूत हाय," आनंदीबाई तुटकपणे म्हणाली. त्या 'सोपं'नंच तिचा जास्त जळफळाट झाला.

पुढच्या गुरुवारी ती भेंडी विकायला भिवंडीच्या मंडईत गेली आणि रिकामी पाटी घेऊन थेट चांगदेव मास्तरांच्या पेटीच्या क्लासात शिरली. मास्तरांनी ठिपक्या-रेघांचा अर्थ समजावला आणि ओळखीच्या भजनाचा कागद पुढे ठेवला. तिनं झपाझप वाजवलं.

"मी इथे मुद्दाम ग च्या जागी रे लिहिलाय. तुम्ही ग वाजवलात," मास्तर म्हणाले. "बाई, तुम्ही वाचत नाही, आठवताय."

मग त्यांनी अनोळखी चाल दिली. बोटं आपल्याच मनानं पुढचा सूर धरायची आणि कागदावर भलताच निघायचा. ती थांबायची, मागे फिरायची.

"मागे जायचं नाही. चुकलं तर चुकलं. जे वाजवताय त्याच्या पुढच्या अक्षरावर नजर ठेवा."

गेलेली वीज तेवढ्यात आली आणि भिंतीपलीकडच्या कापड कारखान्यातले लूम धडाडून सुरू झाले. तिला पेटी ऐकूच येईना. ती हात काढायला लागली, तर मास्तर ओरडले, "वाजवा!" कानाचा उपयोग उरला नाही, तेव्हा तिनं अक्षरांना घट्ट धरलं आणि ओळ संपवली. मास्तर तिच्या बोटांकडे बघत होते. त्यांनी पसंतीनं मान डोलावली. कशी वाजली ते तिला मात्र कळलं नाही.

त्यानंतर ती दर गुरुवारी जात राहिली. दुपारी तुळजा शेतावर गेली की दार लोटून कागद काढायची. घरात कुणाला काही बोलली नाही.

दिवाळीनंतर धोंडूबाईनं पुन्हा नवा कागद आणला आणि तो तुळजाकडे द्यायला निघाली.

"इकडं आण," आनंदीबाई म्हणाली.

तिनं पहिलं कडवं वाजवलं. सावकाश, दोन ठिकाणी चुकत, पण न थांबता. बायका चकित झाल्या. आनंदीबाई मात्र एकट्या तुळजाकडे बघत होती.

तुळजाचा चेहरा फुलला होता. "जाऊबाय! कवा शिकलात? किती छान वाचता!"

आनंदीबाईला तिची शाबासकी नको होती. तिचा चेहरा पडलेला बघायचा होता. त्यात तुळजा आनंदानं कागदावर वाकली आणि आनंदीबाईची बोटं दुसऱ्या कडव्याला लागायच्या आधीच ते गुणगुणूही लागली. आनंदीबाईच्या कानशिलांत आग झाली.

गुरुवारी तिनं मंडईत भेंडी पडेल त्या भावानं देऊन टाकली आणि लवकर क्लास गाठला.

"मास्तर, ल्हानपनी शिकलेल्या बाईसारखं वाचायला किती दिस लागतात?"

"खूप. आणि तोवर तीही पुढे जाणार."

"जाऊ दे," ती म्हणाली. "ह्याच्यापरीस अवघड कागद द्या."