सहा हजार शॉट

मला देव कमी आणि रीत जास्त कळते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणजे पुजायची. नांदेडच्या या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं तंत्रज्ञ आहे. दरवर्षी लेसरलाही हळदीकुंकवाची बोटं लावतो. यंदा हौस जरा जास्तच झाली.

दसऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी ज्योत्स्ना आली. हदगावची पोर, पीएचडीचं शेवटचं वर्ष. हवा काढून घेतलेल्या पोलादी पेटीत जस्ताच्या ऑक्साइडची वडी ठेवायची, तिच्यावर लेसरचे ठोके मारायचे आणि उडालेली वाफ समोरच्या काचपट्टीवर कणाकणानं बसवायची, हे तिचं काम. प्रबंधासाठी एकच थर उरला होता. त्याला सहा हजार शॉट, म्हणजे तेवढे ठोके, लागणार होते आणि लेसरचा दिवा शेवटच्या घटका मोजत होता. नवा यायला सहा महिने. तिची मुदत दोन महिन्यांत संपणार.

तिनं लेसर सुरू केला. वडीतून ज्योत उठायला हवी होती. उठली ती काजव्याएवढी.

"मामा, लई फिक्कट दिसून राहिलंय. दिवा गेला का?"

मी लेसर थांबवला आणि टॉर्च मारली. किरण पेटीच्या ज्या खिडकीतून आत जातो, तिच्या काचेवर बाहेरून मधोमध माझं कुंकवाचं बोट होतं. ते जळून काळं झालेलं.

"दिवा न्हाई गेला, पोरी. म्या घाण केली."

तिनं कापूस आणि स्पिरिटची बाटली माझ्या हातात दिली. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

डाग पुसला, पण काचेला खड्डा पडलाच होता. दुसरी काच नव्हती. आता किरण वळवणाऱ्या आरशाचा स्क्रू फिरवून तो खड्ड्याच्या बाजूनं न्यायचा, एवढाच उपाय. जरा जास्त फिरला तर किरण वडी सोडून पोलादावर पडणार आणि थर नासणार. मी मागं सरलो.

"तुमीच फिरवा," ती म्हणाली. "ह्या स्क्रूची नस तुमालाच ठाव हाय."

"आन् चुकलो तर?"

"मग दोघं मिळून रडू. फिरवा."

केसभर फिरवला. डोळे जपणारे लेसरचे चष्मे चढवले. तिनं बटण दाबलं.

ज्योत उठली. निळी, जांभळी, भरदार. सेकंदाला दहा ठोके आणि प्रत्येक ठोक्याला नवी. बावीस वर्षं मी पंपाचं तेल बदललं, धूळ पुसली, पण या ज्योतीकडे कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. इतकं देखणं काही माझ्या हाताखाली घडत होतं आणि मी घड्याळाकडे बघून घरी जात होतो! दहा मिनिटं आम्ही दोघंही हललो नाही. सहा हजार पुरे झाले, तेव्हा ती मटकन स्टुलावर बसली.

चार दिवसांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर थर दिसला. गोल, दाट, एकसारखे कण. केसाच्या जाडीत अडीच हजार मावतील एवढे.

"हे आपण केलं?"

"हाव, मामा."

तिनं हदगावला वडिलांना फोन लावला. "बापू, जमलं!" पलीकडून भागवतरावांनी विचारलं, कसं दिसतंय? "तुमीच सांगा, मामा," म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला.

"हॅलो," मी म्हणालो, आणि पडद्याकडे बघत नुसता उभा राहिलो.