गॅरेजमधली कढई

पाहुणे येणार म्हटलं की आपण सगळेच घर आवरतो. सोफ्यावरचे कपडे बेडरूममध्ये कोंबतो, सिंकमधली भांडी डिशवॉशरमध्ये सारतो आणि जणू रोज असंच राहतो अशा थाटात दार उघडतो. यात काही वावगं नाही. पण पाहुणे येणार म्हणून कुणी गॅसवरचं जेवण लपवतं का? अमेरिकेत रेडमंडला राहणाऱ्या सुभाषने लपवलं. आणि खरं सांगायचं तर वाचकहो, असं करणारा तो काही एकटा नाही.

शनिवारची दुपार होती. बाहेर नेहमीची रिपरिप चालू. सुभाषची बायको कांचन हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होती आणि नागपूरहून आलेली आई, गिरजाबाई, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून लेकाचा स्वयंपाक बघत बसली होती. दहा वर्षांची नैना ब्रोकोलीचे तुरे तोडत होती.

सुभाषचा हा हातखंडा पदार्थ. बीफ अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे कागदासारखे पातळ काप पडतात. ते सोया सॉस, आलं-लसूण आणि चमचाभर कॉर्नस्टार्चमध्ये मुरवायचे. मग कढई चांगली धूर येईपर्यंत तापवायची, लाल मिरच्या टाकायच्या आणि मोठ्या आचेवर भराभरा परतायचं. शेवटी सिमला मिरची, गाजर, ब्रोकोली. भाज्या कचकचीत राहिल्या पाहिजेत.

"एवढ्यात शिजलं?" गिरजाबाईंनी विचारलं. "आमच्या टायमाले मोठ्याचं मटन शिजवाले दोन घंटे लागत."

"चाखून बघ ना आई."

त्यांनी एक काप तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "तिखट जमलं बाप्पा तुले!"

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी करून त्यांनी या मुलाला इंजिनियर केलं होतं. लेकाच्या हातचं खाताना त्यांना कोण आनंद झाला!

तेवढ्यात फोन वाजला. "सुभाष, घरीच आहेस ना? दिवाळीच्या प्रोग्रामसाठी तुझी फोल्डिंग टेबलं हवी होती. पाच मिनिटांत पोचतो, प्रतिमा पण आहे." सुभाषच्याच ऑफिसच्या टीममधला दिगंबर बोलत होता.

फोन ठेवला आणि सुभाषचं तोंड उतरलं. दिगंबर आणि त्याची बायको प्रतिमा पुण्याचे, पक्के शाकाहारी. पण खरी भीती शाकाहाराची नव्हती. गेल्या उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला बर्गर आणायचे का, यावर चर्चा निघाली होती. तेव्हा प्रतिमा हसत म्हणाली होती, "बीफ आपल्यात कोण खाणार? आणि खाणारे कोण असतात, ते आपल्याला माहितीये!" सगळे हसले. सुभाषही हसला. इतरांपेक्षा जरा जोरातच हसला.

अकरा वर्षं तो या लोकांत वावरत होता. आपण बौद्ध आहोत, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी थेट विचारलं नाही, अशी स्वतःची समजूत घालून तो गप्प राहिला होता.

त्याने धडाधड खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट फुल केला, उदबत्ती पेटवली. झाकण घातलेली कढई आणि उलथनं उचलून थेट गॅरेजमध्ये नेऊन गाडीच्या मागे जमिनीवर ठेवली.

"डॅड, व्हॉट आर यू डूइंग?" नैना मागे मागे धावली.

"कुणी विचारलं ना, तर सोया चंक्स आहेत म्हणून सांगायचं. ओके?"

"बट इट्स बीफ!"

"नैना, प्लीज यार. सांगतो ते ऐक."

गिरजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

घाईत सुभाष एक गोष्ट साफ विसरला. पाहुण्यांना हवी असलेली टेबलंही गॅरेजमध्येच होती! चोराच्या मनात चांदणं असलं की माणसाला पायाखालचं दिसत नाही, म्हणतात ते असं.

दिगंबर आल्या आल्या गॅरेजकडे वळला. पाठोपाठ प्रतिमा. "अरे वा, वास काय मस्त सुटलाय!" म्हणत ती गाडीच्या मागे गेली आणि तिने झाकण उचललं. "हे इथे काय ठेवलंयस?"

"ते... गरम होतं. गार करायला ठेवलं. सोया चंक्स आहेत," सुभाष म्हणाला. आणि तेवढ्यावर न थांबता लेकीकडे वळला, "हो ना गं नैना?"

नैनाने बापाकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहत ती पुटपुटली, "येस. सोया."

दहा वर्षांच्या मुलीला बापाने साक्षीला उभं केलं, तेही खोट्या साक्षीला!

"सोया? मग मी चाखणार! आमचा वेदांत घरी सोयाला हातच लावत नाही, मला रेसिपी दे." प्रतिमाने उलथन्यावर दोन काप घेतले आणि फुंकर मारली.

सुभाष तिच्या हाताकडे बघत राहिला. खरं सांगावं तर अकरा वर्षांचं नाटक संपणार. गप्प बसावं तर जिने जन्मात मांस खाल्लं नाही, तिच्या तोंडात फसवून बीफ जाणार. आणि तो गप्प बसला. लिहितानाही वाईट वाटतं, पण तो खरोखर गप्प बसला.

उलथनं ओठांपाशी पोचलं आणि गिरजाबाईंनी पुढे होऊन प्रतिमाचं मनगट धरलं.

"नको खाऊ पोरी. ते सोया नाही. मोठ्याचं मटन हाये. बीफ."

प्रतिमाच्या हातून उलथनं खाली पडलं. तिचा चेहरा पांढराफटक झाला. "सुभाष! तू मला हे खाऊ दिलं असतंस?"

सुभाषची मान खाली गेली.

"चुकलं त्याचं," गिरजाबाई म्हणाल्या. "जे माणूस खात नाही, ते त्याले फसवून खाऊ घालनं पाप आहे. मी माफी मागतो तुह्यी." मग त्या लेकाकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी शाळेत होती तं मास्तर आमाले वऱ्हांड्यात बसवत. लग्नाच्या पंगतीत आमचं ताट गोठ्यापाशी वाढत. लोकायनं आमाले बाहेर ठेवलं, ते आमी सोसलं, त्याच्यासाठी भांडलो. अन् तू? तुले कोनी म्हनलं नाही तरी आपलं अन्न उचलून चाकापाशी नेऊन ठेवलं! काहून रे? मी काय चोरीचं खाऊ घातलं तुले?"

"आई..."

"कोनी खाते, कोनी नाही खात. ज्याची त्याची मर्जी. पन ह्या पोरीले आज काय शिकवलं तुनं? का आपन कोन आहोत ते सांगाची लाज वाटली पाहिजे?"

नैना रडायला लागली. आजीचं सगळं तिला कळलं नसेल, पण बापाची मान का खाली गेली ते नेमकं कळलं होतं. आणि त्या रडण्याने सुभाषच्या आत काहीतरी तुटलं. शी! ज्या लाजेपायी आपण अर्धं आयुष्य चोरासारखं काढलं, तीच लाज आज आपण लेकीच्या हातात दिली!

त्याने मान वर केली.

"प्रतिमा, मी खोटं बोललो आणि तुला खाऊही दिलं असतं. त्याला माफी नाही, तरी मागतो. नैना, तुला खोटं बोलायला लावलं, तुझीही माफी मागतो. पण जेवणाची माफी मी मागणार नाही. आमच्या घरी बीफ शिजतं. आणि पिकनिकला तू म्हणालीस ना, खाणारे कोण असतात ते माहितीये, तर तो मी. आम्ही बौद्ध आहोत."

गॅरेजच्या छपरावर पाऊस वाजत होता. प्रतिमाचे कान लाल झाले. दिगंबरने काहीतरी बोलायचं म्हणून "अरे, तसं काही नाही रे" असं म्हटलं, पण ते त्याचं त्यालाच पोकळ वाटलं असावं. दोघे टेबलं न घेताच निघून गेले.

सुभाषने कढई घरात आणली, जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि आईला पहिलं वाढलं. भाज्या मऊ पडल्या होत्या. गिरजाबाईंनी ताटातलं कणभरही टाकलं नाही.

संध्याकाळी प्रतिमाचा फोन आला. "पिकनिकला मी ते बोलले, तेव्हा तू हसला होतास," ती म्हणाली. "मी दुपारपासून तेच आठवतेय. माझा राग अजून गेलेला नाही, सुभाष. पण तुला लपवावंसं वाटलं, त्यात माझाही हात आहे. मी ते बोलायला नको होतं."

"आणि मी हसायला नको होतं," सुभाष म्हणाला.

बंधुभगिनींनो, कुणाच्या ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरवणं, ही आपण सातासमुद्रापार सोबत आणलेली घाण आहे. जो थट्टेने ती पसरवतो तो दोषी आहेच, पण जो भिऊन त्या थट्टेत हसतो, तोही ती आपल्या मुलांच्या अंगावर उडवतो. आपलं अन्न लपवू नये, दुसऱ्याचं हिणवू नये आणि फसवून तर कुणालाच भरवू नये. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

त्या दिवशी झोपायला जाताना नैनाने विचारलं, "डॅड, स्कूलमध्ये मंडेच्या लंचला ते बीफ नेऊ? अदितीने विचारलं तर काय सांगू?"

अदिती म्हणजे मंडळातल्याच एका घरची, तिच्या वर्गातली. जुन्या सवयीने 'सोया' हा शब्द सुभाषच्या ओठांवर आला. त्याने तो गिळला.

"खरं सांग," तो म्हणाला. "आणि मान वर करून सांग."